पोरांचा दाखला काढाल, पण बाटलीचा माग कोण काढणार?

पोस्ट मोठी आहे. पण घरात आठवी ते बारावीतलं लेकरू असेल तर वेळ काढून शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

मागच्या शनिवारी दुपारी एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. सकाळची शाळा सुटून तासभर झाला असेल. सर एरवी फोन करतात ते गॅदरिंगची नाहीतर शिष्यवृत्तीच्या निकालाची बातमी लावा म्हणून. या वेळी आवाज खाली होता. म्हणाले, "तुमच्या कानावर येणारच, म्हणून मीच सांगतो. बातमी तेवढी लावू नका."

नववीतली तीन पोरं. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या कालव्याच्या भरावावर बसून कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळलेली दारू प्यायली. त्यातला एक गणिताच्या तासाला बाकावरच ओकला. बाईंना आधी वाटलं, उन्हानं झालं असेल. त्याचं तोंड पुसायला जवळ गेल्या तेव्हा वास आला.

शाळेचं नाव सांगणार नाही. जुन्नर तालुक्यातली की आंबेगावातली, तेही सांगणार नाही. कमेंटमध्ये अंदाज बांधत बसू नका, मी ती कमेंट काढून टाकीन. का, ते पुढे सांगतो.

संध्याकाळी मी सरांकडे चहाला गेलो. पालकांना बोलावून झालं होतं. एका पोराची आई द्राक्षाच्या बागेतलं काम टाकून तशीच आली होती, हाताला लागलेलं औषधसुद्धा धुतलेलं नव्हतं. दुसऱ्याचे वडील मान खाली घालून बसले. तिसऱ्याच्या बापाने सगळ्यांसमोर पोराला दोन थोबाडीत ठेवून दिल्या आणि म्हणाला, "घराण्याचं नाव घालवलंस." सर मला हळूच म्हणाले, "त्यांच्याही तोंडाला वास येत होता हो. दुपारचे दोन वाजले होते."

संस्थेच्या लोकांनी सोमवारपर्यंत तिघांचे दाखले काढायचं ठरवलं होतं. नासका आंबा पेटीतून काढलेला बरा, हे त्यांचं म्हणणं. सरांच्या मनात नव्हतं, पण सर नोकरदार माणूस.

मी बातमी लावली नाही. कुणाच्या भिडेखातर नाही. याआधी मी एकदा लावली होती, म्हणून.

बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मी नव्या उमेदीचा वार्ताहर. अशीच एक घटना, दहावीतला एक मुलगा, निरोप समारंभाच्या दिवशी पिऊन आलेला. मी चार कॉलमची बातमी दिली. मुलाचं नाव नव्हतं. पण शाळेचं नाव, इयत्ता, तुकडी, वडील काय करतात, सगळं होतं. लहान गावात एवढं दिलं की नाव वेगळं द्यावं लागत नाही. पोरांची ओळख छापू नये हा कायदा तेव्हाही होता, माझ्याकडे पत्रकारितेची पदविकाही होती. तरी दिली. मथळा चटपटीत होता, संपादकांचा फोन आला, शाबासकी मिळाली. त्या मुलाने दहावीची परीक्षा दिलीच नाही. गावात तोंड कसं दाखवायचं, म्हणून मामाच्या गावाला गेला तो तीन वर्षांनी आला.

आज तो नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला क्रेट उचलतो. भेटला की दादा म्हणतो, चहा पाजतो. मागे एकदा मी धीर करून त्या बातमीचा विषय काढला. तो हसला. म्हणाला, "दादा, तुम्ही लिहिलं ते खरंच होतं. पण मला बाटली दिली कोणी, ते कुठं लिहिलं होतं?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कारण मी विचारलंच नव्हतं. शाळेने विचारलं नव्हतं, पोलिसांनी विचारलं नव्हतं, गावानेही नाही. सगळ्यांना पोरगं सापडलं होतं, तेवढ्यावर भागलं.

म्हणून या वेळी मी सरांना पहिला प्रश्न तोच केला. सरांनी पोरांना पाठीवर हात ठेवून विचारलं होतं, त्यामुळे त्यांनी खरं सांगितलं होतं. तिघांनी पैसे काढले. एकजण सकाळी शाळेत येताना फाट्यावरच्या टपरीवर गेला. तिथे परवाना नाही, पाटी नाही, पण माल मिळतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. टपरीवाल्याने वय विचारलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "काकाची नेहमीचीच ना?"

हे वाक्य नीट वाचा. त्या पोराला त्याचा काका नेहमी पाठवायचा. "जा रे पळत, चपटी घेऊन ये, उरलेल्या पैशाचं तुला कुरकुरे घे." आपल्या किती घरांत हे चालतं? पोराने दारूचा रस्ता कुठून शिकला, हे शोधायला पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ बोलवायची गरज नाही. आपणच त्याला बोट धरून दाखवलाय.

आता कायदा बघू. महाराष्ट्रात बियर आणि वाईनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, बाकी देशी-विदेशी दारूसाठी २५. म्हणजे अवसरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन नोकरीला लागलेल्या पोरालाही नियमाने क्वार्टर मिळायला नको. आपल्याकडे चौदा वर्षांच्या पोराला मिळते.

दुसरा कायदा याहून कडक आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. बाल न्याय कायदा, २०१५. त्याचं कलम ७७ सांगतं की, डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय अठराच्या आतल्या मुलाला दारू, अंमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ७८ तर मुलाकडून दारू विकून घेणं, वाहून आणणं, पोचवणं याबद्दल आहे. शिक्षा तेवढीच. मी वकील नाही. पण "पळत जा, चपटी घेऊन ये" म्हणणाऱ्या काकांनी हे कलम एकदा कुणाकडून तरी वाचून घ्यावं.

हा कायदा नुसता कागदावर नाही. १९ मे २०२४ ची पहाट आठवा. पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं, दोघंही गेले. बारावी पास झाल्याची पार्टी होती. बाल न्याय मंडळाने पहिल्यांदा जामीन दिला तेव्हा ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं आणि सगळा महाराष्ट्र पेटून उठला. पुढे मुलाच्या वडिलांवर आणि त्याला दारू देणाऱ्या पबवाल्यांवर याच बाल न्याय कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. बिल्डरचं पोरगं, श्रीमंतांचे लाड, असं बरंच लिहिलं. मीही लिहिलं. आता आरशात बघू. आपल्याकडे पोर्शे नाही, बुलेट आहे, पिकअप आहे, ट्रॅक्टर आहे. टोमॅटोला भाव मिळाला की सोळा वर्षांच्या पोराच्या हातात गाडीची चावी आपणही देतो. पुणे-नाशिक हायवेला रात्री अकरानंतर आळेफाटा ते मंचर एकदा जाऊन या. बोनेटवर केक, हातात बाटल्या, पोरांच्या ओठावर अजून मिसरूडही नाही. पुण्याच्या बापात आणि आपल्यात फरक गाडीच्या किमतीचा आहे.

काहीजण म्हणतील, "पोरं आहेत, एकदा चव घेतली तर काय बिघडलं? आम्हीही घेतली होती." काय बिघडतं ते सांगतो. माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यातला शेवटी पक्का होणारा भाग म्हणजे स्वतःला आवर घालण्याचा, पुढचा विचार करण्याचा. चौदाव्या वर्षी गाडीला एक्सलरेटर असतो, ब्रेक अजून बसवायचा असतो. त्या वयात दारू म्हणजे ब्रेक बसायच्या आधीच उतार. अमेरिकेत १९९७ साली एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. पंधरा वर्षांच्या आत प्यायला सुरुवात केलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोक पुढे दारूच्या आहारी गेले होते. विशीनंतर सुरुवात केलेल्यांत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. म्हणजे मोठ्यांनाही सूट नाही.

आपल्या देशाचा आकडाही आहे. २०१९ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून केलेली पाहणी जाहीर झाली. १० ते १७ वयातली १.३ टक्के मुलं दारू घेतात असं त्यात आलं, म्हणजे सुमारे ३० लाख. टक्का लहान दिसतो. पण पंचाहत्तर पोरांचे दोन वर्ग धरले तर त्यात एक पोरगं निघतं. ते कुणाचं तरी आहेच ना? आणि हुंगायच्या नशेत, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, यात मुलांचं प्रमाण मोठ्यांच्या दुप्पट निघालं. वह्या-पुस्तकांच्या दुकानदारांनी हेही ध्यानात ठेवावं.

आता जरा आपल्या मातीबद्दल. आपल्या भागाला दारूचं वावडं नाही, हे मान्य करू. नारायणगावची वाईन एके काळी परदेशात जायची, द्राक्षाच्या बागायतदाराला त्याचा अभिमानही आहे. डोंगराकडे मोहाची चाल जुनी आहे. तमाशाच्या राहुट्या, जत्रा, बैलगाडा, सगळं आपलंच. पण याच मातीत ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे. घरटी एक तरी माळकरी आजोबा असायचे, आणि त्यांच्यासमोर पिऊन यायची कुणाची टाप नव्हती. प्यायचे ते लपून प्यायचे. त्या लपण्याचा एक उपयोग होता, पोरांना ते दिसत नव्हतं. आज लग्नाच्या वरातीत काका-मामा डीजेसमोर डोक्यावर बाटली ठेवून नाचतात आणि पोरं मोबाईलवर शूटिंग करतात. इलेक्शनला तर विचारूच नका. ढाब्यावर पंधरा दिवस पंगती, आणि झेंडा धरायला दहावी-बारावीची पोरं. त्यांना जेवणासोबत काय मिळतं, हे उमेदवारांना माहीत नसतं असं कुणी म्हणू नये.

आम्हा पत्रकारांनाही सोडत नाही. पत्रकार परिषदेनंतरची 'बैठक' कुणासाठी असते? मीही अशा बैठकांना बसलोय. माझा मुलगा आता सातवीत आहे. मागच्या वर्षी त्याने मला विचारलं, "पप्पा, तुम्ही परिषदेवरून आला की बडीशेप का खाता?" त्या दिवसापासून मी जात नाही. मोठेपणा नाही, पोराने पकडलं म्हणून सुटली.

याच ओतूरचे अनिल अवचट. गावाने जन्म दिलेला एवढा मोठा लेखक. त्यांनी आणि डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्यासाठी मदत केली. तिथे व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून बघत नाहीत, आजारी माणूस म्हणून बघतात. आपल्या तालुक्यातल्या माणसाने ही गोष्ट महाराष्ट्राला शिकवली आणि आपण नववीच्या पोराला नासका आंबा म्हणून पेटीबाहेर फेकतोय.

फेकलेला आंबा कुठे जातो? शाळेतून काढलेलं पोरगं फाट्यावरच जातं. त्याच टपरीवर. फक्त आता त्याला दुपारी पाचपर्यंत कुणी विचारणारं नसतं. शाळा स्वच्छ होते, गाव आणखी घाण होतं. आणि वर्गातली बाकीची पोरं एकच धडा घेतात, की पुढच्या वेळी सापडायचं नाही. एखाद्याने जास्त पिली, बेशुद्ध पडला, तरी भीतीपोटी ती सरांना सांगणार नाहीत. जिवावर बेतेल, मंडळी.

याचा अर्थ काहीच करू नका असं मी म्हणत नाही. शिक्षा व्हायला हवी. पोराला शाळेत ठेवून करा. महिनाभर मधली सुट्टी शिक्षकांच्या डोळ्यासमोर, पालकांनी आठवड्याला येऊन भेटायचं, गरज असेल तर डॉक्टरांकडे न्यायचं. दाखला देणं ही शिक्षा नव्हे, ती आपली सुटका आहे.

सुधारतं का कुठे? सुधारतं. आइसलँड नावाचा छोटा देश आहे, आपल्या एखाद्या तालुक्याएवढीच लोकसंख्या असेल. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत ते ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी भाषणं दिली नाहीत. दरवर्षी शाळाशाळांत मुलांना विचारून खरी माहिती घेतली. रात्री ठराविक वेळेनंतर पोरांनी बाहेर फिरायचं नाही, आणि पालकांनी गट करून गावात फेरी मारायची. खेळ, गाणं-बजावणं यासाठी पैसे दिले, म्हणजे संध्याकाळी पोराला जायला जागा झाली. आपल्याकडे बिबट्याच्या भीतीने आपण गट करून रात्री फिरतोच की. ऊसात लपलेल्या बिबट्यासाठी बॅटऱ्या घेऊन उतरणारं गाव फाट्यावरच्या टपरीसाठी उतरू शकत नाही?

काय करता येईल, माझ्या बुद्धीप्रमाणे सांगतो.

१. शाळेत असं घडलं तर पहिला प्रश्न 'कुणी दिली?' हा असावा. पोराने सांगितलं तर त्याला वाचवा आणि विकणाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार द्या, कलम ७७ चा उल्लेख करून. मुख्याध्यापकांनी एकट्याने देऊ नये, टपरीवाला गावातलाच असतो, त्रास होतो. शाळा व्यवस्थापन समिती आणि पालकांनी सह्या करून द्यावी.

२. गावातल्या परवानाधारक दुकानाबद्दल बायाबापड्यांच्या हातात 'आडवी बाटली' आहे. आधी मतदानाची रीतसर मागणी करायची, मग गुप्त मतदानात निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. महाराष्ट्रात किती गावांनी दुकानं अशीच बंद केली आहेत. विनापरवाना टपरीला तर मतदानाचीही गरज नाही, ती आधीच बेकायदा आहे. ११२ ला फोन लावा आणि तारीख-वेळ वहीत टिपून ठेवा.

३. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली गावं पेसा कायद्यात आहेत. १९९६ च्या या कायद्याने तिथल्या ग्रामसभेला दारूची विक्री आणि सेवन यावर बंधन घालायचा अधिकार दिला आहे. हा अधिकार धूळ खात पडू देऊ नका. आणि 'हा प्रश्न डोंगराकडचा आहे' असं म्हणणाऱ्या बागायती गावांनी आधी आपला हायवे बघावा.

४. घरात पोराला बाटली आणायला पाठवू नका. एवढं एक केलं तरी पुष्कळ झालं. प्यायचीच असेल तर स्वतःच्या पायाने जा.

५. पोरगं पिऊन आलं तर त्या रात्री मारू नका. कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, शुद्ध हरपत असेल तर उचलून दवाखान्यात न्या. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी बोला. मदत लागली तर लहान मुलांसाठी १०९८, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे नंबर आहेत. फोन फुकट लागतो, नाव गुप्त राहतं.

६. पत्रकार मित्रांना हात जोडून सांगतो, पोराची बातमी करू नका, टपरीची करा. टपरीवाल्याचा हप्ता कुठवर जातो, त्याची करा. ती अवघड असते, मला माहीत आहे. म्हणूनच आपण पोराची करतो.

आता त्या तिघांचं काय झालं, ते सांगतो. सोमवारी मी सरांबरोबर संस्थेच्या लोकांना भेटलो. टोमॅटो मार्केटमधल्या त्या पोराची गोष्ट सांगितली, माझी चूक म्हणूनच सांगितली. दोन तास चर्चा झाली. दोन पोरं शाळेत राहिली. बागेतली ती माऊली आठवड्याला शाळेत येणार आहे, बागवाल्याने खाडा न धरता तेवढा वेळ द्यायचं कबूल केलंय.

तिसऱ्याच्या बापाने मात्र स्वतःहून दाखला मागून नेला. "याला शिकवून काय करायचंय" म्हणाला. पोरगं शाळेच्या गेटवर दप्तर घेऊन उभं होतं. सर त्याच्या घरी दोनदा जाऊन आले, उद्या मीही जाणार आहे. बाप शुद्धीत असेल अशी वेळ बघून जावं लागेल, सकाळी लवकर.

टपरी अजून चालू आहे. काल संध्याकाळी मी समोरून गेलो, बाकड्यावर गिऱ्हाईक होतं. पालकांची लेखी तक्रार पोलिसांकडे गेली आहे, तिच्या पोचपावतीचा फोटो माझ्याकडे आहे. पंधरा दिवसांनी काय झालं ते याच पानावर लिहीन. मी विसरलो तर तुम्ही आठवण करून द्या.

आणि पुढच्या ग्रामसभेला रस्ता, गटार, दिवाबत्तीसोबत एक विषय अजेंड्यावर घ्यायला सांगा: आपल्या गावात पोराला दारू कुठे मिळते? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. ते मोठ्याने म्हणायचं तेवढं राहिलंय.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण त्या पोरांची नावं विचारू नका.